सगळ्या जुळण्या मांडायच्या कशाला?

श्रीगोंद्याच्या एका माध्यमिक विद्यालयातील गणिताच्या शिक्षकांनी मध्यंतरी आम्हाला दोन कागद वाचायला दिले. पहिला म्हणजे चाळीसेक पानांचे एक टिपण, शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात वाटलेले. विषय, संगणकाच्या मदतीने बीजगणित शिकवणे. दुसरा कागद एका अर्जाची नक्कल होती. शाळेच्या प्रयोगशाळेतील संगणकांची स्मृती अपुरी पडते, तरी जास्त स्मृतीचे चार नवे संगणक मिळावेत, असा तो अर्ज. टिपणाच्या अकराव्या पानावरील उदाहरण वाढवून करताना शाळेचा संगणक बंद पडला आणि त्यातून हा अर्ज निघाला, असे सरांनी सांगितले. अर्ज पाठवावा की नाही, एवढेच त्यांना विचारायचे होते. उत्तर एका वाक्यात देता आले असते, पण अकरावे पान वाचल्यावर आम्हाला ते एका वाक्यात देववेना.

टिपण कोणी लिहिले आणि वर्ग कोठे भरला हे आम्ही सांगत नाही, कारण त्यातला दोष त्या एका टिपणाचा नाही. तो बहुतेक पाठ्यपुस्तकांत आहे, प्रणालींच्या मदत-पानांवर आहे आणि एके काळी आमच्या स्वतःच्या प्रबंधातही होता. टिपणाची भाषा स्वच्छ आहे, उदाहरणे शालेय पुस्तकाला धरून आहेत आणि अकराव्या पानावरचा प्रश्न तर फारच चांगला निवडला आहे. म्हणूनच त्याच्या उत्तराबद्दल तक्रार करावीशी वाटते.

प्रश्न असा. पुस्तकात ‘अवयव पाडा’ या मथळ्याखाली जेवढ्या वर्गबहुपदी येतात त्या सगळ्यांचे अवयव पडतात. त्यामुळे विद्यार्थ्याची समजूत होते की कोणतीही बहुपदी घ्यावी आणि अवयव पाडावेत. हे खरे आहे का? अ·क्ष² + ब·क्ष + क या बहुपदीत अ, ब आणि क हे तिन्ही सहगुणक १ ते ९ मधून घेतले, तर अशा ९ × ९ × ९ म्हणजे ७२९ बहुपदी होतात. यांतल्या किती बहुपदींचे परिमेय सहगुणक असलेले दोन एकघाती अवयव पडतात?

हा प्रश्न टिपणाने संगणक-बीजगणित प्रणालीकडे सोपवला आहे. अशी प्रणाली नुसते आकडे करत नाही, ती अक्षरांवरही क्रिया करते. तिला बहुपदी दिली की ती अवयव पाडून देते, समीकरण दिले की सोडवते. टिपणात वापरलेली मॅक्झिमा ही १९६८ साली एमआयटीत सुरू झालेल्या, जवळजवळ त्याच नावाच्या प्रणालीची वंशज. विल्यम शेल्टर यांनी ती अनेक वर्षे सांभाळली आणि १९९८ मध्ये सर्वांना मोफत खुली करण्याची परवानगी मिळवली. शाळेला ती फुकट मिळते, जुन्या संगणकावर चालते, तेव्हा निवड योग्यच आहे.

टिपणाची रीत मात्र अशी: आधी ‘क्रिएट_लिस्ट’ या आज्ञेने तिन्ही याद्यांतून एकेक आकडा घेऊन होणाऱ्या सर्व जुळण्यांची एक मोठी यादी करायची, मग तीतील प्रत्येक जुळणीची बहुपदी करून अवयव पाडायचे, मग अवयव न पडलेल्या जुळण्या गाळायच्या, आणि शेवटी उरलेल्या यादीची लांबी विचारायची. उत्तर येते ५७. ते बरोबर आहे. ७२९ पैकी फक्त ५७, म्हणजे शंभरात आठसुद्धा नाहीत! वर्गात सांगण्यासारखी ही गोष्ट आहे. (याद्यांच्या अशा जुळण्यांना गणितात कार्टेशियन गुणाकार म्हणतात. आम्ही ‘जुळणी’ हाच शब्द ठेवतो.)

दहावीच्या एका मुलीने साहजिकच पुढचा प्रश्न विचारला: सहगुणक १ ते १०० घेतले तर प्रमाण वाढेल की कमी होईल? सरांनी तीच आज्ञा १०० पर्यंत चालवली. जुळण्या दहा लाख. संगणक बराच वेळ घुमला, पण उत्तर आले. मग ती म्हणाली, १००० पर्यंत? या वेळी पडदा गोठला, पंखा जोरात फिरू लागला, थोड्या वेळाने स्मृती संपल्याची सूचना आली आणि सगळा खेळ आटोपला.

स्मृती संपणारच होती. १००० × १००० × १००० म्हणजे शंभर कोटी जुळण्या. प्रत्येक जुळणीत तीन संख्या, प्रत्येकीला ८ बाइट एवढीच जागा धरली तरी २,४०० कोटी बाइट, म्हणजे २४ गिगाबाइट. मॅक्झिमा याद्या ज्या पद्धतीने ठेवते तीत जागा याहून कितीतरी अधिक लागते. शाळेच्या संगणकात होती ४ गिगाबाइट. म्हणजे अर्जात मागितलेले संगणक ८ किंवा १६ गिगाबाइटचे आले असते तरी ते याच प्रश्नापाशी बसले असते. बरे, ३२ चे आणले आणि मुलीने चौथा सहगुणक मागितला तर? याद्यांची लांबी दसपट केली की ढीग हजारपट होतो, आणि अशा वाढीची बरोबरी करील एवढी स्मृती कोणत्याच दुकानात मिळत नाही.

खरे तर ढीग कशासाठी केला होता? एक जुळणी घ्यायची, तपासायची, मोजणीत धरायची किंवा सोडायची. तपासून झाल्यावर तिचा काही उपयोग नाही. श्रीगोंद्याच्या बाजारात लिंबे मोजणारा माणूस सगळ्या गोण्या आधी ओट्यावर रिकाम्या करत नाही. हातात येतील तशी मोजतो आणि पुढे टाकतो. संगणकाला हेच सांगायचे तर एकात एक घातलेली तीन आवर्तने पुरतात: अ हा १ पासून ९ पर्यंत, त्याच्या आत ब, त्याच्या आत क. मॅक्झिमात यासाठी ‘फॉर’ ही साधी आज्ञा आहे. टिपणाने तिची जुन्या वळणाची म्हणून एका ओळीत बोळवण केली आहे आणि ‘क्रिएट_लिस्ट’ आटोपशीर म्हणून पुढे केली आहे. लिहायला आटोपशीर आहे यात शंका नाही. पण एका ओळीच्या आज्ञेमागे यंत्राला किती ओझे वाहावे लागते हे विद्यार्थ्याला दिसत नाही, आणि शिक्षणाच्या दृष्टीने आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

आवर्तनांची एक अडचण मात्र मान्य केली पाहिजे. याद्या तीनच आहेत हे आधी ठाऊक असेल तर तीन आवर्तने लिहिता येतात. याद्या किती असतील हेच जर विद्यार्थ्याने नंतर सांगायचे असेल, आज वर्गबहुपदी, उद्या चतुर्थघाती, तर किती आवर्तने लिहून ठेवायची? येथे स्कूटरचे मीटर उपयोगी पडते. त्यातले प्रत्येक चाक म्हणजे एक यादी. उजवीकडचे चाक एकेक घर पुढे सरकते. ते शेवटच्या घरावरून पहिल्यावर आले की डावीकडचे एक घर सरकवते. तेही फिरून पहिल्यावर आले तर त्याच्या डावीकडचे. चाके दहा-दहा घरांचीच असली पाहिजेत असे नाही. एक नऊ घरांचे, दुसरे बारा घरांचे, तिसरे दोनच घरांचे असले तरी चालते. संगणकाने लक्षात ठेवायचे ते फक्त प्रत्येक चाक कोणत्या घरावर उभे आहे एवढेच. शंभर कोटी जुळण्या असोत की शंभर, स्मृतीत तीनच आकडे. वेळही फारसा वाया जात नाही. दहा घरांच्या चाकांत दहा पायऱ्यांत एकदाच दुसरे चाक हलते, शंभरांत एकदाच तिसरे. एका पायरीला सरासरीने सव्वा चाकसुद्धा हलवावे लागत नाही.

पारी या प्रणालीतील ‘फॉरव्हेक’ ही आज्ञा नेमके हेच करते. तिला प्रत्येक चाकाची सुरुवात आणि शेवट सांगायचा, ती एकेक जुळणी हातात देत जाते. गॅप या प्रणालीत दोन्ही सोयी शेजारी शेजारी आहेत: एक आज्ञा सगळी यादी करून देते, दुसरी मागाल तशी एकेक जुळणी देते. मॅथेमॅटिकात ‘टपल्स’ म्हटले की ढीग मिळतो, ‘डू’ म्हटले की आवर्तन. म्हणजे सोय बहुतेकांकडे आहे. पण नवख्याच्या हाती प्रथम लागणारी, मदत-पानावर सर्वांत वर असणारी आज्ञा बहुधा ढिगाची असते. प्रणाली रचणाऱ्यांचा हा दोष आम्ही लहान मानत नाही. नवखा माणूस पहिल्या आज्ञेवरच थांबतो.

आमची स्वतःची गोष्टही सांगून टाकतो, म्हणजे ही टीका वरून केलेली वाटणार नाही. प्रबंधाच्या दिवसांत आमच्या एका गणितात नऊ राशी होत्या, प्रत्येकीच्या पाच किमती. सगळ्या मिळून १९,५३,१२५ जुळण्या. प्रत्येक जुळणीबरोबर आम्ही एक सारणीही साठवत होतो. शुक्रवारी संध्याकाळी संगणक लावून गेलो. सोमवारी विभागातले सगळेजण आमच्या नावाने ओरडत होते, कारण सामाईक यंत्र दोन दिवस ठप्प होते. मार्गदर्शकांनी फक्त एवढेच विचारले: तुम्हाला उत्तर हवे आहे की वही भरून हवी आहे?

वही भरण्याची ही हौस मोठी जुनी आहे, पण तिच्यावरचा उतारा त्याहून नवा नाही. मराठीच्या तासाला वृत्ते शिकताना लघु-गुरूंचे आठ गण येतात आणि ते लक्षात ठेवायला ‘यमाताराजभानसलगा’. तीन अक्षरे, प्रत्येक जागी लघु किंवा गुरू; म्हणजे दोन-दोन घरांची तीन चाके आणि २ × २ × २ = ८ जुळण्या. (हे सूत्र हा स्वतंत्र चमत्कारच आहे. आठ गण सुटे लिहायला २४ अक्षरे लागतात. येथे दहा अक्षरांत कोठूनही लागोपाठची तीन घ्यावीत, दर वेळी नवा गण मिळतो. गणिताच्या आणि मराठीच्या शिक्षकांनी एकदा एकत्र बसून हे तपासावे.) छंदशास्त्रात अशा सर्व जुळण्या ठरावीक क्रमाने मांडण्याला प्रस्तार म्हणतात. पिंगलाच्या परंपरेतला हा क्रम म्हणजे म, य, र, स, त, ज, भ, न. पहिली ओळ तीन गुरू, शेवटची तीन लघु. स्कूटरच्या मीटरशी याचा फरक एवढाच की येथे पहिले, म्हणजे डावीकडचे चाक सर्वांत वेगाने फिरते.

प्रस्तार मांडून हे लोक थांबले नाहीत. केदारभट्टाच्या ‘वृत्तरत्नाकरा’त प्रस्तार लिहायला जागा किती लागेल याचाही हिशेब आहे, त्याला अध्वा असे नाव आहे. ओळीला एक अंगुळ आणि दोन ओळींमध्ये एक अंगुळ मोकळी सोडली, तर ओळींच्या संख्येची दुप्पट करून एक वजा करावा, तितकी अंगुळे. तीन अक्षरांना १५ अंगुळे, ठीक आहे. पण वृत्तांच्या वर्गांतला शेवटचा उत्कृती वर्ग २६ अक्षरांचा. त्याच्या ओळी ६,७१,०८,८६४ होतात आणि अध्वा १३,४२,१७,७२७ अंगुळे. अंगुळ पाऊण इंच धरले तर सुमारे अडीच हजार किलोमीटर, म्हणजे श्रीगोंद्याहून दिल्लीला जाऊन माघारी येण्याइतकी पाटी हवी! ढीग करण्याआधी ढिगाला जागा किती लागेल हे विचारण्याची ही रीत टिपणाच्या अकराव्या पानावर असती, तर अर्ज लिहिला गेला नसता.

पाटी एवढी लांब होणार हे कळल्यावर त्यांनी दोन प्रश्न विचारले. पाटीवरची एखादी ओळ पुसली गेली, फक्त तिचा क्रमांक माहीत आहे, तर ती ओळ कोणती? याला नष्ट म्हणतात. आणि ओळ समोर आहे, तिचा क्रमांक किती? याला उद्दिष्ट. दोन्हींची उत्तरे आधीच्या ओळी न लिहिता काढायची. नष्टाची रीत एका मिनिटात शिकवता येते. क्रमांक सम असेल तर लघु लिहा आणि निम्मा करा; विषम असेल तर गुरू लिहा, एक मिळवा आणि निम्मा करा; जितकी अक्षरे तितक्या वेळा हेच करा. सहावी ओळ हवी आहे: ६ सम, लघु, उरले ३, ३ विषम, गुरू, एक मिळवून निम्मे २, २ सम, लघु. लघु-गुरू-लघु म्हणजे ज गण, आणि वरच्या क्रमात तो सहावाच आहे.

याच विचाराची पुढची पायरी महाराष्ट्रात, देवगिरीला, तेराव्या शतकात घेतलेली दिसते. यादव राजा सिंघण याच्या पदरी हिशेबखात्याचा अधिकारी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त सात स्वरांच्या ५,०४० क्रमांचा प्रस्तार, नष्ट आणि उद्दिष्ट सांगितले आणि त्यांसाठी खंडमेरू नावाचा तक्ता दिला. येथे एक स्वर एकदा आला की पुन्हा येत नाही, म्हणून चाकांची घरे ७, ६, ५ अशी घटत जातात. बाकी तत्त्व तेच. श्रीगोंद्याचा मुलूख त्या वेळी याच सिंघणाच्या राज्यात होता. देवगिरीच्या हिशेबनीसाला जे सुचले ते आजच्या टिपणात नसावे याचा आम्हाला खेद वाटतो. प्राचीनांना सगळे ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. त्यांच्यापाशी पाटी लहान होती आणि त्यांनी तिचा हिशेब ठेवला, एवढेच आम्ही म्हणतो.

नष्टाचा आजचा उपयोग श्रीगोंद्यात तरी वेगळा समजावून सांगावा लागत नाही. वीज जाते. शंभर कोटींपैकी बत्तीस कोटी जुळण्या तपासून झाल्या आणि वीज गेली तर ढिगाच्या रीतीत सगळे गेले. मीटरच्या रीतीत एक क्रमांक आणि तोवरची मोजणी अधूनमधून फायलीत, नाहीतर फळ्यावर लिहून ठेवली की झाले. वीज आल्यावर त्या क्रमांकावरून चाके लावून पुढे निघता येते. आपल्या ७२९ बहुपदींतली पाचशेवी कोणती? पाचशेतून एक वजा करू: ४९९. नऊने भागू: ५५, बाकी ४. पुन्हा नऊने: ६, बाकी १. उरले ६. मोजणी शून्यापासून धरली होती म्हणून प्रत्येकात एक मिळवू: अ = ७, ब = २, क = ५. पाचशेवी बहुपदी ७क्ष² + २क्ष + ५. आणि हिचे अवयव पडत नाहीत. याद्या वेगवेगळ्या लांबीच्या असतील तर दर वेळी त्या त्या यादीच्या लांबीने भागायचे. पिंगलाच्या रीतीत विषमाला एक मिळवायचा तो याच कारणाने, की तेथे मोजणी एकापासून आहे. याच युक्तीने प्रयोगशाळेतल्या चार जुन्या संगणकांना काम वाटून देता येते: पहिल्याने एकपासून, दुसऱ्याने पंचवीस कोटी एकपासून, याप्रमाणे. चार संगणक हवेत असे अर्जात होते. चार संगणक तेथे होतेच.

टिपणाच्या शेवटी सेज या प्रणालीवर एक पुरवणी आहे. विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली पायथॉन भाषेवर उभी आहे आणि पायथॉनमध्ये ‘आयटरटूल्स’ या संचातील ‘प्रॉडक्ट’ ही आज्ञा मागाल तशी एकेक जुळणी देते. अशा देणाऱ्याला आयटरेटर म्हणतात. पुरवणीचा सूर असा आहे, की आता जुळण्या कितीही असोत, अडचण संपली. येथे आमचा दुसरा आक्षेप आहे, आणि तो पहिल्याहून महत्त्वाचा आहे.

आयटरेटरने स्मृती वाचते. वेळ वाचत नाही. शंभर कोटी बहुपदींपैकी प्रत्येकीचे अवयव पाडायला सेकंदाचा एक हजारावा भाग लागतो असे धरू. दहा लाख सेकंद झाले, म्हणजे साडेअकरा दिवस. स्मृती संपल्याची सूचना येणार नाही, संगणक शांतपणे चालत राहील, आणि सहामाही परीक्षा येऊन जाईल. पहिल्या रीतीत चूक निदान चटकन कळत तरी होती! शिवाय एक बारीक खोच पुरवणीत सांगितलेली नाही. आयटरेटर एकदा शेवटापर्यंत गेला की रिता होतो. सरांनी पहिल्या ओळीत अवयव पडणाऱ्या जुळण्या मोजल्या, ५७ आल्या. पुढच्या ओळीत त्याच आयटरेटरवरून न पडणाऱ्या मोजल्या, उत्तर शून्य आले. ६७२ यायला हवे होते. वर्गातल्या मुलांनी निष्कर्ष काढला की संगणकालाही कधीकधी चुका होतात. एवढा चांगला तास असा संपावा, हे फार वाईट झाले.

वेळ वाचवण्याच्या लहानमोठ्या युक्त्या आहेत. शेत नांगरताना तासाच्या टोकाला पोहोचल्यावर बैल पुन्हा रिकामे मागे आणत नाहीत. तेथेच वळवून दुसरे तास धरतात. चाकेही शेवटच्या घरावरून पहिल्यावर उडी न मारता उलटी फिरवावीत, म्हणजे दर पायरीला एकाच सहगुणकात एकचाच फरक पडतो आणि बहुपदीची किंमत पुन्हा पहिल्यापासून न काढता एका बेरजेत नवी करता येते. बेल प्रयोगशाळेतील फ्रँक ग्रे यांच्या १९५३ च्या पेटंटमुळे दोन-दोन घरांच्या चाकांसाठी हा क्रम त्यांच्या नावाने ओळखला जातो. डोनाल्ड क्नुथ यांच्या ग्रंथमालेच्या २०११ मध्ये निघालेल्या ‘४अ’ खंडात अशा क्रमांवर भरपूर मजकूर आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी तो जरूर चाळावा. पण अशा युक्तीने साडेअकरा दिवसांचे फार तर काही दिवस होतील.

मोठी बचत दुसरीकडेच आहे, आणि ती सापडायला संगणक लागत नाही. वर्गबहुपदीचे अवयव विद्यार्थी कसे पाडतो? मधल्या पदाची फोड करतो. ब चे असे दोन भाग करतो की त्यांचा गुणाकार अ × क एवढा यावा. अशी फोड सापडली तर अवयव पडतात, न सापडली तर पडत नाहीत. आता हीच रीत उलटी चालवू. आधी बहुपदी घेऊन फोड शोधण्याऐवजी आधी फोड घेऊ आणि ती कोणकोणत्या बहुपदींना लागू पडते ते पाहू.

ब = ६ घेऊ. फोडी तीनच: १ + ५, २ + ४, ३ + ३. गुणाकार ५, ८ आणि ९. अ × क = ५ व्हायला १ × ५ आणि ५ × १ अशा दोन जुळण्या. ८ साठी १ × ८, २ × ४, ४ × २, ८ × १ अशा चार. ९ साठी १ × ९, ३ × ३, ९ × १ अशा तीन. एकूण ९. याचप्रमाणे ब = १ ला एकही नाही, २ ला १, ३ ला २, ४ ला ५, ५ ला ७, ७ ला १०, ८ ला ११ आणि ९ ला १२. (७ च्या वेळी १ + ६, २ + ५, ३ + ४ यांचे गुणाकार ६, १०, १२. दहासाठी १ × १० धरू नये, कारण सहगुणक ९ च्या पुढे जाता कामा नये. येथे मुले हमखास चुकतात.) बेरीज ५७. सगळ्या मिळून २० फोडी तपासल्या. ७२९ बहुपदींचे अवयव पाडण्याचे काम वीस ओळींत, कागदावर, एका तासिकेत झाले.

१००० पर्यंत जायचे तर फोडी अडीच लाख होतात. प्रत्येक फोडीच्या गुणाकाराचे विभाजक काढायचे आणि त्यांतले अ व क हे दोन्ही हजाराच्या आत बसतात का ते पाहायचे. शंभर कोटींच्या जागी अडीच लाख, म्हणजे चार हजारपट कमी फेऱ्या. शाळेच्या त्याच जुन्या संगणकाला हे काम जड नाही. आणि मुलीच्या मूळ प्रश्नाचा कलही येथेच दिसतो. याद्या दसपट लांब केल्या की बहुपदी हजारपट होतात, फोडी मात्र शंभरपटच. आणि एका फोडीला लागू पडणाऱ्या बहुपदी तिच्या गुणाकाराला जितके विभाजक असतील त्याहून अधिक असू शकत नाहीत. विभाजक फार सावकाश वाढतात. तेव्हा अवयव पडणाऱ्यांचे प्रमाण उतरत जाणार. पुस्तकातला ‘अवयव पाडा’ हा धडा म्हणजे ओसाड माळावरची एक निवडक बाग आहे, हे तिला आकडे येण्याआधीच सांगता आले असते.

टिपणाने विद्यार्थ्याच्या हाती असलेली फोडीची रीत बाजूला ठेवून त्याला यंत्राच्या स्मृतीकडे पाहायला शिकवले, हे आम्हाला सर्वांत खटकते. प्रणालीची ‘फॅक्टर’ ही आज्ञा चांगलीच आहे, पण तिच्यामुळे अवयव कसे पडतात याचा विचार करण्याची गरज उरत नाही, आणि तो विचार नसला की ७२९ चे २० होत नाहीत. टिपणाच्या पुढच्या आवृत्तीत अकरावे पान काढून टाकू नये. तेथे आधी वीस फोडींचा तक्ता हाताने करायला द्यावा, मग तीन आवर्तने लिहून त्यांचे उत्तर तक्त्याशी ताडून पाहावे, आणि ‘क्रिएट_लिस्ट’ आणायचीच असेल तर तिच्याशेजारी अध्व्याचा हिशेब मांडावा. पुरवणीत आयटरेटर रिता होतो हे ठळक अक्षरांत घालावे.

सरांनी अर्जाची नक्कल परत नेली. चारांपैकी एका संगणकाचा कळफलक खरोखरच बिघडलेला आहे, तेवढ्यापुरता अर्ज नव्याने लिहिणार म्हणाले. मुलीला त्यांनी पुढचे काम दिले आहे, ते वाचकांनीही करून पाहावे: अ आणि ब हे १ ते ९ मधूनच घ्यायचे, पण क ऋण घ्यायचा, −१ ते −९. आता फोडीतला एक भाग ऋण होतो आणि दुसरा ब पेक्षा मोठा, त्यामुळे फोडी किती घ्याव्यात याची मर्यादा ब वरून ठरणार नाही. ती ठरेल ८१ या संख्येवरून.